ताणाच्या दिवसांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कसा सांभाळायचा

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजाराने उचल खाल्ली, म्हणजे शांत झालेली लक्षणं पुन्हा उसळली, की तपासणीच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो: "मध्यंतरी काही टेन्शन होतं का?" प्रश्न रास्त आहे. पण पोट धरून बसलेल्या माणसाला तो वेगळाच ऐकू येतो. त्याला वाटतं, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. पुढे "टेन्शन घेऊ नका" एवढाच सल्ला हातात पडायचा आणि घरी आल्यावर मी टेन्शन घेत नाही ना, याचंच टेन्शन घेत बसायची.

ताण आणि या आजाराचा संबंध खरा आहे. मात्र तो नेमका कुठे आहे आणि कुठे नाही हे कळल्याशिवाय त्याचं काही करता येत नाही. म्हणून आधी थोडी समज आणि मग कामाच्या पायऱ्या.

आधी एक ओझं उतरवून ठेवा

ताणामुळे अल्सरेटिव्ह कोलायटिस होत नाही. एकेकाळी डॉक्टरही तसं मानायचे. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५०च्या सुमारास मनातून उद्भवणारे म्हणून जे सात आजार मांडले, त्यांत हाही होता. त्या काळच्या पेशंटांच्या स्वभावावर, त्यांच्या आयांच्या वागण्यावरसुद्धा बोट ठेवलं गेलं. १९९०मध्ये कॅरल नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी ते सगळे जुने अभ्यास पुन्हा चाळले, तेव्हा मनाशी संबंध दाखवणाऱ्या अभ्यासांची पद्धतच सदोष निघाली. आज आपल्याला माहीत आहे की जनुकीय कल, आतड्यातले जिवाणू आणि रोगप्रतिकारशक्तीची चुकलेली दिशा मिळून हा आजार घडतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात, त्या गुदाशयापासून सुरू होतात आणि सलग वर चढत जातात. असा आजार कुणी चिंता करून स्वतःला लावून घेऊ शकत नाही.

आजार असलेल्या माणसाची उचल मात्र ताणाने लवकर येऊ शकते. सुझन लेव्हनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा रोममधला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आजार शांत असलेले ६२ जण त्यांनी जास्तीत जास्त ४५ महिने नजरेखाली ठेवले. ज्यांच्या मनावर दीर्घकाळ ताण साचलेला होता, त्यांना उचल येण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. आणि माझ्या मते महत्त्वाचं ते पुढे आहे: अलीकडच्या थोड्या दिवसांतल्या ताणाचा तसा संबंध दिसला नाही. २०१०मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या ७०४ जणांच्या अभ्यासातही हाच धागा सापडला. त्यांनी वर्षभर दर तीन महिन्यांनी माहिती घेतली. संसर्ग, अँटिबायोटिक, वेदनाशामक गोळ्या असं सगळं तपासलं, पण लक्षणं उसळण्याशी जुळला तो माणसाला स्वतःला जाणवणारा ताण.

मी यातून हे घेतलं की एका भांडणाने, एका मुलाखतीने किंवा एका वाईट बातमीने धास्तावायचं कारण नाही. घासून घासून झिजवणारा, महिनोन्‌महिने चालणारा ताण ओळखायचा आणि त्यावर काम करायचं.

ताण आतड्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो

हे थोडक्यात सांगते, कारण वाट ठाऊक असली की ती कुठे अडवायची ते कळतं.

पहिली वाट शरीरातली. ताण आला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडतो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. थोड्या वेळासाठी ते दाह दाबतं, आपण घेतो ती स्टेरॉइडची औषधं याच कुळातली. ते सतत चढलेलं राहिलं की चित्र उलटतं. २०२३मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफ थाइस यांच्या गटाने उंदरांवर हे उलगडून दाखवलं. लांबलेल्या ताणातलं हे संप्रेरक आतड्याच्या स्वतःच्या मज्जासंस्थेतल्या ग्लिआ पेशींना (चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी) बिथरवतं आणि त्या पेशी दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. याशिवाय ताणात आतड्याचं अस्तर जरा झिरपायला लागतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०१४मध्ये निरोगी विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करायला लावलं, तेव्हा त्यांच्या लहान आतड्याची झिरप वाढलेली आढळली.

दुसरी वाट वागण्यातली, आणि ती फार दुर्लक्षित आहे. ताणात झोप तुटते, जेवणाची वेळ चुकते, डोकं दुखतं म्हणून हाताला येईल ती गोळी घेतली जाते आणि रोजचं औषध राहून जातं. आपण मग सगळं खापर ताणावर फोडतो. कॉर्टिसॉलवर आपला थेट हात चालत नाही. या दुसऱ्या वाटेवर मात्र आजपासून पहारा ठेवता येतो.

पायरी १: आठ आठवडे वही ठेवा

आठवणीवर विसंबू नका. उचल आली की मन मागे जाऊन कुठला तरी ताण शोधतंच आणि तो सापडतोही, कारण ताण नसलेला महिना कुणाच्या आयुष्यात असतो? त्यामुळे लिहायचं ते बरं असताना, रोज, रात्री दोन मिनिटांत.

माझ्या वहीत एका दिवसाला एकच ओळ असते. शौचाला किती वेळा गेले, त्यांतलं रात्री झोपेतून उठून किती वेळा, रक्त होतं की नाही, घाईची लागली का, किती तास झोपले, औषधाचे डोस पूर्ण झाले का आणि दिवसाचा ताण शून्य ते दहामध्ये किती. शौच कसं होतं यासाठी ब्रिस्टॉल तक्त्यातला १ ते ७ मधला आकडा टाकते. वर्णन करत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. महिन्यातून एकदा दहा प्रश्नांची 'जाणवणाऱ्या ताणाची मोजपट्टी' भरते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी तिचं मूळ रूप १९८३मध्ये तयार केलं, दहा प्रश्नांच्या या रूपाचे गुण ० ते ४० असतात. एकदाच्या गुणांपेक्षा महिन्यामागून महिने ते चढत चालले आहेत का, एवढं बघा.

वहीने मला काय दाखवलं ते सांगते. एका वर्षी नोकरी बदलली आणि त्यानंतर मोठी उचल आली. मी सगळ्यांना सांगत होते की नोकरीच्या टेन्शनने पोट बिघडलं. वही उघडली तर राजीनाम्याच्या आठवड्यात ताण ९, ९, ८ आणि रक्ताच्या रकान्यात सगळीकडे फुली. पोट शांत होतं. रक्ताचा पहिला ठिपका सहा आठवड्यांनी उमटला. मधल्या काळात संध्याकाळचा डोस अकरा वेळा चुकलेला आणि झोप बहुतेक रात्री पाच तासांच्या आत. नव्या ठिकाणाहून उशिरा घरी यायची आणि गोळ्यांच्या डबीकडे न बघताच आडवी व्हायची. त्या अकरा रिकाम्या चौकोनांकडे मी बराच वेळ बघत बसले होते. मग रागावण्यापेक्षा हलकं वाटलं, कारण नोकरीचा ताण काढून टाकणं माझ्या हातात नव्हतं, पण डबी कुठे ठेवायची ते होतं.

पायरी २: दाह वाढलाय की नुसती चलबिचल, हे ठरवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे इथे जरा थांबू.

ताणाने आतड्याची हालचाल वाढते आणि अस्तराला नवी जखम नसतानाही पोट दुखतं, मुरडा येतो, पातळ होतं. कोलायटिस शांत असलेल्या साधारण तिघांपैकी एकाला अशी, 'इरिटेबल बॉवेल'सारखी लक्षणं राहतात. ही लक्षणं खरीच असतात, त्रासही खराच असतो, फक्त त्यांवर स्टेरॉइडचा उपयोग नसतो. उलट बाजूला, खरोखर दाह वाढत असताना "टेन्शनमुळे होतंय, जाईल" म्हणून महिना काढणारेही असतात, आणि तो महिना महागात पडतो.

वहीतल्या खुणा बघा. शौचात रक्त किंवा आव दिसणं, रात्री गाढ झोपेतून शौचासाठी उठावं लागणं, ताप, वजन उतरणं आणि पुन्हा पुन्हा जोराची लागूनही थोडासा रक्तमिश्रित चिकट स्रावच पडणं, हे सगळं दाहाकडे बोट दाखवतं. सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीनदा जावं लागतं, रक्त नाही, रात्री झोप शांत आणि सुट्टीच्या दिवशी पोट गुणी, असं असेल तर आतड्याची चलबिचल असण्याची शक्यता अधिक. तरी अंदाजावर सोडू नका. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करून घ्या, आतड्यात दाह असला की शौचात हे प्रथिन वाढतं. लक्षणं नसताना एका ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या आत आकडा असेल तर आजार शांत असल्याचं साधारणपणे धरतात. २५०च्या वर गेला तर दाहाचा संशय बळावतो. एकाच आकड्यापेक्षा तुमचा नेहमीचा आकडा किती आणि आता किती, ही तुलना जास्त बोलते, म्हणून बरं असतानाचा एक आकडा नोंदवून ठेवलेला असावा. रक्तातली सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, या आजारात ती पुष्कळदा वाढतच नाही.

खरी उचल दिसली तरी आधी संसर्ग नाही ना, हे बघावं लागतं. विशेषतः क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूची तपासणी. त्याची लक्षणं हुबेहूब उचलीसारखी असतात आणि उपचार वेगळे. मागच्या वेळच्या उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगते.

एकदा एका महत्त्वाच्या मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात मला दिवसातून पाच वेळा पातळ होत होतं. मी जवळजवळ खात्री करून बसले होते की पुन्हा सुरू झालं. कॅलप्रोटेक्टिन आलं ६०. मुलाखत झाली आणि चौथ्या दिवशी पोट जागेवर. त्या एका तपासणीने माझा स्टेरॉइडचा एक पूर्ण कोर्स वाचला असेल.

पायरी ३: औषधाची घडी मोडू देऊ नका

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. सुनंदा केन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये मेसालामाइनवर (आतड्याचा दाह दाबणारं, या आजारातलं नेहमीचं औषध) असलेल्या, आजार शांत असलेल्या ९९ जणांचा अभ्यास केला. औषध नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त होता. ताणाचा धोका तिप्पट आणि गोळ्या चुकवण्याचा पाचपट. दोन वेगळ्या अभ्यासांतले हे आकडे काट्यावर ठेवून तोलायचे नसतात. पण ताण वाढला की औषध चुकतं, म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही संकटं एकाच माणसावर एकाच वेळी येतात.

मेसालामाइन दिवसातून दोन-तीनदा विभागून घेत असाल तर सगळा डोस एकदम घेता येईल का, असं डॉक्टरांना विचारा. पुष्कळांना चालतं आणि गुण तेवढाच येतो. डबी दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा, कारण कितीही दमलात तरी ब्रश हातात घेताच. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी घ्या, कुठला कप्पा भरलेला राहिला ते डोळ्यांना दिसतं. दोन दिवसांच्या गोळ्या बॅगेत कायम असू द्या आणि नवा साठा जुना संपायच्या दोन आठवडे आधी आणा. गुदमार्गातून घ्यायची सपॉझिटरी किंवा एनिमा दिलेला असेल तर ताणाच्या काळात पहिला बळी त्याचा जातो, कारण तो घ्यायला निवांत वेळ लागतो. खरं तर आजार गुदाशयापुरता असेल तेव्हा तेच सगळ्यात चांगलं काम करतं.

डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्या शक्यतो टाळा. काही जणांत त्या उचल आणू शकतात आणि कॅलप्रोटेक्टिनचा आकडाही वाढवू शकतात. नेमलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. घरातल्या माणसांनाही हे सांगून ठेवा, कारण मायेने गोळी पुढे करणारे तेच असतात.

पायरी ४: रोजची दहा मिनिटं

इथे मला प्रामाणिक राहायचं आहे. श्वास, योग, ध्यान यांनी कोलायटिस बरा होत नाही आणि औषध सोडता येत नाही. पुराव्याचं बोलायचं तर तो मिश्र आहे. २०१७मध्ये जर्मनीत आजार शांत असलेल्या ७७ जणांवर अभ्यास झाला. बारा आठवडे, आठवड्याला दीड तास योग करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलं. आजाराची तीव्रताही नंतरच्या तपासणीत कमी आढळली. पोटाला केंद्रस्थानी ठेवून केलेल्या संमोहन उपचाराच्या २०१३च्या अभ्यासात वर्षभराने ६८ टक्के लोक उचलीविना होते, संमोहन न मिळालेल्या गटात ४० टक्के. सजगतेच्या ध्यानाने मात्र २०१४च्या अभ्यासात उचलींची संख्या घटली नाही, फक्त उचल आली तेव्हा माणसं कमी खचली. माझ्या लेखी तेही पुष्कळ आहे.

जे जमेल ते एकच धरा. मी श्वास धरला. पाठ टेकवून बसायचं, एक हात बेंबीवर. नाकाने पाच मोजत श्वास आत, हात वर उचलला गेला पाहिजे, छाती फारशी हलता कामा नये. पाच किंवा सहा मोजत बाहेर. मिनिटाला पाच-सहा श्वास होतात. पहिल्या दोन मिनिटांत मन पळतं, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे आपोआप खाली येतात आणि पोटात गुरगुर ऐकू येते. मला ती गुरगुर आवडते, आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं. वेळ ठरलेली हवी. ताण आल्यावर करू म्हटलं की होत नाही.

झोपेचा मुद्दा वेगळा. स्टेरॉइड चालू असेल तर झोप उडते, चिडचिड होते, मन अकारण उसळतं. तो तुमचा स्वभाव नव्हे, औषधाचा परिणाम आहे. सहसा सगळा डोस सकाळी घ्यायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. पण तो अचानक बंद करू नका.

पायरी ५: ताणाचा काळ दिसत असेल तर महिनाभर आधी तयारी

परीक्षा, घर बदलणं, बाळंतपण, घरातल्या कुणाचं ऑपरेशन: पुष्कळ ताण तारीख सांगून येतात. महिना आधी कॅलप्रोटेक्टिन करून घ्या, औषधांचा साठा भरा आणि डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या. रक्त दिसलं तर काय वाढवायचं, गुदमार्गातून घ्यायचं औषध कधी सुरू करायचं, किती दिवसांत फोन करायचा. हा कागद ताणात डोकं चालेनासं झाल्यावर तुमच्या वतीने विचार करतो. परीक्षा असेल तर दाराजवळची जागा आणि मधे उठण्याची परवानगी आधीच मागा. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळतं. कामाच्या ठिकाणी निदान एका माणसाला खरं कारण ठाऊक असू द्या.

पायरी ६: उलटी वाटही बघा

इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवलं की ही वाट दुतर्फा आहे. चिंताग्रस्त माणसांत पुढे आजार उसळतो, आणि आजार सक्रिय असलेल्या माणसांत पुढे चिंता उद्भवते. म्हणून उचल आलेल्या माणसाला आधी मन शांत कर म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. रक्त थांबलं, घाई थांबली की मन निम्मं आपोआप ताळ्यावर येतं. दाहाचा नीट उपचार हाही ताणावरचा उपचार असतो.

तरी आजार शांत होऊनही बाहेर पडायची भीती जात नसेल, प्रत्येक ठिकाणी पहिली नजर शौचालयाकडे जात असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पोटाच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते अनेकदा स्वतःहून विचारत नाहीत. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्या.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

वहीच्या पहिल्या पानावर मी एक चौकट आखली आहे. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५मध्ये ठरवलेले निकष आजही गंभीर उचल ओळखायला वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासकट शौच, आणि सोबत यांतलं एक तरी: ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मिनिटाला ९०च्या वर नाडी, १०.५च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३०च्या वर ईएसआर (रक्ततपासणीतला दाहाचा आकडा). असं असेल तर रुग्णालय गाठायचं, त्याच दिवशी. पोट फुगून कडक झालं, वेदना सहन होईनात किंवा चक्कर येऊ लागली तर आकडे मोजत बसू नका.

फोनवर सांगायचं ते वाक्यही चौकटीखाली लिहून ठेवलं आहे, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत: "मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, कालपासून रक्तासकट अमुक वेळा झालं आहे, ताप इतका, नाडी इतकी, ही औषधं चालू आहेत." आकड्यांच्या जागा मोकळ्या आहेत. मी नसेन तर घरातलं कुणीही त्या भरून फोन करू शकतं.